बिल्ल्यानं एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं

गेल्या पावसाळ्यात रायपूरच्या काही कारखानदारांच्या बैठकीत एका सल्लागारांनी कामगारांच्या नव्या ओळखपत्राचा नमुना सगळ्यांच्या हाती दिला. छपाई उत्तम होती. वरची अर्धी जागा कंपनीच्या बोधचिन्हाची. त्याखाली टपालाच्या तिकिटाएवढा फोटो. मग नाव, वडिलांचं नाव, हुद्दा, जन्मतारीख, रक्तगट, मोबाइल नंबर. मागच्या बाजूला घरचा पत्ता, आधार क्रमांक, क्यूआर कोड आणि कोपऱ्यात होलोग्राम. सल्लागार म्हणाले, "माणसाची सगळी कुंडली एका कार्डावर आली. आत चिप आहे, तिची नक्कल होत नाही. आता खोटा माणूस आत शिरूच शकत नाही." माना डोलल्या. एकानं विचारलं, कार्ड तरी कशाला हवं, सरळ चेहरा ओळखणारं मशीन बसवू. पुढचं पाऊल म्हणून तेही मान्य झालं. मी हरकत घेतली, पण ती खर्चाची कुरकुर समजून बाजूला ठेवली गेली. माझी हरकत खर्चाला नव्हती, म्हणून ती इथे सविस्तर मांडतो.

रायपूरजवळ सिलतऱ्याच्या औद्योगिक पट्ट्यात, एका पोलाद कारखान्याच्या टाइम ऑफिसात आणि फाटकावर माझी बावीस वर्षं गेली. तेवढ्या काळात फाटकावर मला एकच प्रश्न पडत आला: हा समोरचा माणूस, आत्ता, या दारातून आत जावा की जाऊ नये? ओळखपत्राचं काम या प्रश्नाचं उत्तर देणं आहे. त्याला जे मदत करतं ते कार्डावर ठळक हवं. जे करत नाही ते छापूच नये, कारण ते नुसतं वाया जात नाही, माणसाला इजा करतं.

आपल्या जुन्या माणसांना हे कळत होतं. चपरासी हा शब्द 'चपरास'वरून आला, म्हणजे छातीवरच्या पट्ट्याला लावलेल्या पितळी बिल्ल्यावरून. मराठीतला पट्टेवालाही त्याच पट्ट्यावरून. हुद्द्याचं नावच बिल्ल्यावरून पडलं, इतकं त्या बिल्ल्याचं वजन होतं. रेल्वे स्टेशनवरच्या हमालाच्या दंडावरचा पितळी बिल्ला पाहा. त्यावर ठळक दिसतो तो एक क्रमांक. हमालाच्या बापाचं नाव नाही, गाव नाही, जन्मतारीख नाही. सामान हरवलं तर प्रवासी क्रमांक सांगतो आणि स्टेशनच्या नोंदवहीत माणूस सापडतो. ओळख वहीत असते. बिल्ला त्या वहीतल्या ओळीकडे बोट दाखवतो. सल्लागारांनी वही सोडून दिली आणि तिच्यातला सगळा मजकूर बिल्ल्यावर ओतला. चूक इथेच झाली.

त्या चुकीची किंमत कोण मोजतं, ते सांगतो. माझ्या हाताखाली हजेरी लिहिणारी एक मुलगी होती, पहिलीच नोकरी. शहरातून बसनं यायची. कामावर येताना कार्ड गळ्यात दिसलंच पाहिजे, असा नियम. बसमध्ये शेजारी उभ्या राहिलेल्या कुणीतरी त्या कार्डावरून तिचं नाव आणि मोबाइल नंबर वाचला. त्या रात्रीपासून फोन सुरू झाले. तिनं वर तक्रार केली तेव्हा सांगण्यात आलं, कार्ड उलटं करून घाल. मागच्या बाजूला घरचा पत्ता होता. मग तिनं नंबरवर काळी चिकटपट्टी लावली, तर कार्ड विद्रूप केल्याबद्दल तिच्याकडून लेखी खुलासा मागण्यात आला. तो कागद मीच तिच्या हाती दिला. तेव्हा मी गप्प राहिलो, हे मला अजून सलतं. त्या कार्डावरच्या नंबरमुळे बावीस वर्षांत फाटकावरच्या एकाही गार्डाला कुणाला अडवायला किंवा सोडायला मदत झाल्याचं मी पाहिलं नाही. मदत झाली ती त्या बसमधल्या माणसाला.

"रक्तगट तरी हवाच, अपघात झाला तर?" हे मला प्रत्येक बैठकीत ऐकायला मिळतं आणि त्यामागची काळजी खरी आहे. पण कोणतंही रुग्णालय कार्डावर छापलेला रक्तगट वाचून रक्त चढवत नाही. रक्त तपासून, जुळवून पाहिल्याशिवाय पिशवी लागत नाही, आणि तेवढाही वेळ नसेल तर ओ गटाचं रक्त देतात. जखमी माणसासाठी कार्डावर एकाच गोष्टीचा उपयोग आहे, कारखान्याच्या नियंत्रण कक्षाचा चोवीस तास उचलला जाणारा फोन. घरच्यांचा नंबर, आजार, औषधं हे तिथल्या वहीत असावं. आधार क्रमांकाबद्दल तर वादच नको. आधार देणारं प्राधिकरण स्वतःच पहिले आठ आकडे झाकलेलं आधार उतरवून घ्यायची सोय देतं, आणि आपण बाराच्या बारा आकडे कामगाराच्या छातीवर टांगतो! हरवलेल्या कार्डाचंही तेच. कार्डावर कारखान्याचं नाव आणि पूर्ण पत्ता असला, की किल्ली आणि कुलूप कुठे आहे त्याची चिठ्ठी दोन्ही एकदमच सापडणाऱ्याच्या हाती पडतात. परत पाठवण्यासाठी टपालपेटीचा क्रमांक पुरतो.

आता खोटेपणाबद्दल. मुंबईवर २००८ साली हल्ला करणाऱ्या दहशतवाद्यांकडे हैदराबादच्या एका महाविद्यालयाची बनावट ओळखपत्रं होती. हिंदू नावं, भारतातले पत्ते, फोटो, सगळं जागच्या जागी. मराठी वाचकाला त्या रात्रीबद्दल अधिक सांगायला नको. छापलेलं कार्ड हा पुरावा नसतो, हे आपल्याइतकं महाग कुणी शिकलेलं नाही. आणि इथलं, छत्तीसगढचंच उदाहरण हवं असेल तर सक्ती जिल्ह्यातलं छपोरा गाव घ्या. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथे स्टेट बँकेची अख्खी शाखाच बनावट निघाली. फलक होता, काउंटर होते, संगणक होते. पैसे घेऊन नेमणूकपत्रं देऊन कामाला लावलेली माणसं होती, आणि आपण खरोखर बँकेत लागलो असंच त्या बिचाऱ्यांना वाटत होतं. दहाएक दिवस हे चाललं. छपाईत काही कमी नव्हतं. फलकावर शाखेचा कोड नाही, हे गावातल्या एका माणसाच्या लक्षात आलं, आणि डभऱ्याच्या शाखेच्या व्यवस्थापकांपर्यंत संशय पोचला. खोटं पकडलं गेलं ते वहीशी ताडून पाहायची कुणाला तरी बुद्धी झाली म्हणून. चमकणारा होलोग्राम त्या शाखेच्या भिंतीवर लावला असता, तरी त्यानं काही पकडलं नसतं. होलोग्राम तपासायला दुसरा खरा होलोग्राम शेजारी धरावा लागतो, आणि पाळी बदलताना गार्डाला तेवढी उसंत नसते.

ती पाळी बदलण्याची वेळ पाहिल्याशिवाय कार्डाची रचना करू नये, असं माझं ठाम मत आहे. सकाळी सहाला भोंगा होतो. आतून रात्रपाळी बाहेर पडते, स्पंज आयर्नच्या काजळीनं चेहरे काळे, डोळे तेवढे पांढरे. बाहेरून सकाळपाळी आत शिरते, डोक्यावर हेल्मेट, हिवाळ्यात नाकापर्यंत गमछा. सायकली, मोटरसायकली, ठेकेदाराच्या पिकअपमधून उतरलेली वीस माणसं. एका माणसामागे गार्डाला दोन-तीन सेकंद मिळतात. त्या दोन-तीन सेकंदांत त्यानं तिकिटाएवढ्या फोटोतला तेल लावून भांग पाडलेला, बारा वर्षांपूर्वीचा मुलगा आणि समोरचा काजळीचा चेहरा एकच आहेत का, हे ठरवायचं. उन्हाळ्यात मोटरसायकलच्या टाकीवर राहून कार्ड वाकतं, रेक्झिनच्या पाकिटात घाम साचतो, फोटो पिवळा पडतो. गार्ड शेवटी काय पाहतो? गळ्यात निळी फीत आहे की नाही, एवढंच. निळी फीत बाजारात कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते.

हा गार्डाचा आळस नाही. इंग्लंडमध्ये रिचर्ड केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्याखुऱ्या सुपरमार्केटात, रोज ग्राहकांशी व्यवहार करणाऱ्या रोखपालांसमोर फोटो असलेली क्रेडिट कार्डं ठेवली. त्यांतली काही दुसऱ्याचा फोटो असलेली होती. प्रयोग चालू आहे हे रोखपालांना माहीत होतं, ते सावध होते. तरी दुसऱ्याच्या कार्डांपैकी निम्म्याहून जास्त त्यांनी खरी म्हणून स्वीकारली. अनोळखी चेहरा छोट्या फोटोशी जुळवणं माणसाला अवघडच जातं. मग आपण कार्डावरची सगळ्यात मोठी जागा बोधचिन्हाला आणि सगळ्यात छोटी फोटोला का देतो? गार्डाला आपल्या कंपनीचं बोधचिन्ह ओळखायची गरज नसते. तो त्याच फाटकाखाली बसलेला असतो.

माझ्या मते कार्डाचा जवळजवळ अर्धा भाग फोटोला द्यावा. तो हेल्मेटसह एक आणि हेल्मेटशिवाय एक असा वहीत असावा, कार्डावर हेल्मेटशिवायचा, आणि दर तीन वर्षांनी नवा काढावा. नाव मोठ्या अक्षरांत, देवनागरीत, कारण आमच्या गार्डांपैकी बहुतेक जण देवनागरी झरझर वाचतात आणि रोमन अडखळत. मुदत संपण्याचा महिना आणि वर्ष हाताच्या अंतरावरून दिसेल एवढं मोठं. कुठल्या भागात जायला परवानगी आहे, हे रंगाच्या रुंद पट्टीनं दाखवावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कार्ड रीडरला लावताच गार्डाच्या टेबलावरच्या पडद्यावर वहीतला फोटो उमटावा. मग कुणी कार्डावर आपला फोटो चिकटवला तरी पडद्यावर दुसराच चेहरा येईल.

"चिपची नक्कल होत नाही" या वाक्याशी मला जरा जास्त भांडायचं आहे, कारण ते अर्धवट माहितीवर उभं आहे आणि त्यावर लाखोंच्या निविदा निघतात.

आपल्याकडच्या किती तरी कारखान्यांत आणि कचेऱ्यांत जी पांढरी जाड कार्डं चालतात ती १२५ किलोहर्ट्झची असतात. रीडरजवळ नेलं की ती आपला क्रमांक मोठ्यानं सांगतात, विचारणारा कोण हे न पाहता. त्यांत काहीही गुपित नाही. तो क्रमांक ऐकून कोऱ्या कार्डावर लिहिणारी उपकरणं खुलेआम विकली जातात. बऱ्याच ठिकाणी रीडरपासून आतल्या पेटीपर्यंत हा क्रमांक २६ बिटांच्या जुन्या पद्धतीनं जातो, त्यांतले आठ बिट जागेचे आणि सोळा कार्डाचे. म्हणजे एका जागेसाठी पासष्ट हजारांच्या आसपास क्रमांक, आणि तेही बहुधा ओळीनं वाटलेले.

यावर विक्रेता म्हणतो, "आमचं कार्ड मायफेअर आहे, त्यात गुप्त किल्ली आहे." मायफेअर क्लासिक १९९४ चं. त्यातली ४८ बिटांची गुप्तलेखन पद्धत कंपनीनं गुप्त ठेवली होती आणि तेच तिचं बळ समजलं जात होतं. डिसेंबर २००७ मध्ये कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लोट्झ यांनी चिपचे थर घासून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ती पद्धत उलगडायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी नेदरलँड्समधल्या नायमेगेनच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी ती पुरती मोडून दाखवली. त्या देशातली सार्वजनिक प्रवासाची कार्डं आणि सरकारी इमारतींचे पास त्याच चिपवर होते. चिपची कंपनी न्यायालयात गेली, संशोधन छापू देऊ नका म्हणाली. जुलै २००८ मध्ये आर्नेमच्या न्यायालयानं ते नाकारलं. १८८३ मध्येच ऑगस्त केर्कहॉफ्स यांनी लष्करी गुप्तलेखनाबद्दल लिहिलं होतं, की कुलपाची रचना शत्रूच्या हाती पडली तरी चाललं पाहिजे, किल्ली तेवढी पडता कामा नये. ज्या कार्डाच्या सुरक्षिततेला रचना लपवून ठेवावी लागते, ते कार्ड त्या दिवसापासूनच उघडं असतं.

हे जुनं झालं, असंही कुणी म्हणेल. २०२४ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या क्वार्क्सलॅब या संस्थेचे फिलिप तेवेन यांनी शांघायच्या फुदान कंपनीच्या, मायफेअरसारख्याच स्वस्त चिपमध्ये एक चोरवाट दाखवून दिली. त्या जातीच्या सगळ्या कार्डांना एकच लपवलेली किल्ली लागते. भारतातल्या हॉटेलांतही ही कार्डं आढळली. निविदेत "मायफेअर किंवा समतुल्य" असं लिहिलं की सगळ्यात स्वस्त समतुल्य म्हणून नेमकं काय येतं, हे खरेदी विभागाला विचारून पाहा.

मग चिप नकोच का? हवी, पण योग्य हवी. एईएस या गुप्तलेखन पद्धतीची १२८ बिटांची किल्ली वापरणारी कार्डं बाजारात वर्षानुवर्षं आहेत. प्रत्येक कार्डाची किल्ली वेगळी असावी, म्हणजे एक फुटलं तर सगळी फुटत नाहीत. मूळ किल्ली कारखान्याच्या ताब्यात असावी, विक्रेत्याच्या लॅपटॉपमध्ये नव्हे. आणि ज्याकडे जवळजवळ कुणीच पाहत नाही ते असं: महागडं कार्ड घेऊनही अनेक ठिकाणी रीडर त्याचा फक्त वरचा, उघडा अनुक्रमांक वाचतो. किल्लीची चाचणी होतच नाही. कुलूप दारावर टांगलेलं, कडी मात्र मोकळी. हे बसवून देणाऱ्याला थेट विचारा आणि लेखी उत्तर घ्या.

क्यूआर कोडबद्दल एवढंच, की त्यात नुसता कर्मचारी क्रमांक असेल तर कुणीही मोबाइलनं फोटो काढून दुसरीकडे छापू शकतो. त्याला अंकीय स्वाक्षरी असेल तर मजकूर खोटा करता येत नाही, पण नक्कल तरीही होतेच.

आता चेहऱ्याचं मशीन. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत आधारवर बेतलेली बायोमेट्रिक हजेरी २०१४ पासून आहे आणि नवा रायपूरच्या महानदी भवनापर्यंत, म्हणजे राज्याच्या मंत्रालयापर्यंत ती आली. त्यामुळे कारखानदारांना वाटतं, सरकारनं केलं म्हणजे आपणही करावं. पण हजेरी आणि प्रवेश ही दोन वेगळी कामं आहेत. हजेरीला विचारायचं असतं, हा माणूस आला का आणि किती वाजता. प्रवेशाला विचारायचं असतं, हा आत जावा का. हजेरीतली चूक महिनाअखेरीला दुरुस्त होते. प्रवेशातली चूक त्या क्षणीच होऊन जाते.

शिवाय ज्यांच्यासाठी हे मशीन आणायचं, त्यांचे हात पाहिलेत का? विटा, कोळसा, गरम सळया हाताळून बोटांचे ठसे झिजतात. मशीन त्यांना ओळखत नाही आणि माणूस पाच वेळा अंगठा टेकवत रांगेत अपराध्यासारखा उभा राहतो. चेहऱ्याच्या फोटोचं म्हणाल, तर मनरेगाच्या हजेरीच्या अ‍ॅपमध्ये फोटोचाच फोटो काढून चढवला जात होता, हे ग्रामविकास मंत्रालयानं जुलै २०२५ मध्ये आपल्याच परिपत्रकात नोंदवलं. सगळ्यात मोठी भीती पुढची आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सुप्रिमा कंपनीच्या बायोस्टार या प्रवेश-यंत्रणेचा साठा उघडा सापडला, त्यात दहा लाखांहून जास्त लोकांचे बोटांचे ठसे होते. कार्ड फुटलं तर दुसरं देता येतं. बोट फुटलं तर दुसरं बोट कुठून आणायचं? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं मालकावर ही माहिती जपण्याची जबाबदारी टाकली आहे. जी माहिती घेतलीच नाही ती जपावी लागत नाही. स्फोटकांचं कोठार, मुख्य नियंत्रण कक्ष अशा दोन-चार दारांवर कार्डाच्या जोडीला चेहरा किंवा पिन क्रमांक घ्यावा, हे मी मान्य करतो. सगळ्या फाटकांवर, कार्डाच्या ऐवजी, हे मान्य नाही.

इथवर मी नियमित कामगारांबद्दल बोललो. पण रायपूरभोवतीच्या उरला, सिलतरा, भनपुरी इथल्या फाटकांतून आत जाणाऱ्यांत ठेकेदारांची माणसं फार मोठ्या संख्येनं असतात, आणि बैठकीत त्यांच्याबद्दल एवढंच म्हटलं गेलं, "त्यांना कागदी पास चालेल, ती माणसं रोज बदलतात." या वाक्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो.

काही वर्षांपूर्वी रात्रपाळीत बलौदाबाजारकडचा एक तरुण पाय भाजून बाहेर आणला गेला. नोंद करायला मी त्याच्या खिशातला पास काढला. कागदी, घामानं लगदा झालेला, फोटो नाही, ठेकेदाराचा शिक्का. मी त्यावरचं नाव घेऊन हाक मारली. त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "मोर नोहे साहब, भाई के आय." माझा नव्हे, भावाचा आहे. भाऊ गावी गेला होता, ठेकेदाराला माणूस हवा होता, पास तोच. माझ्या रजिस्टरात त्या रात्री भाऊ आत होता, आणि हा जो समोर विव्हळत होता तो कारखान्यात आलाच नव्हता. विम्याच्या कागदावर कुणाचं नाव लिहायचं, यावर ठेकेदाराचा माणूस रुग्णवाहिकेजवळच वाद घालायला लागला. त्या तरुणाला पुढे काय आणि किती मिळालं, ते मिळवायला त्याच्या घरच्यांना किती फेऱ्या पडल्या, हे मी पाहिलं आहे.

माणसं रोज बदलतात, म्हणूनच कार्ड हवं! जो माणूस वीस वर्षं त्याच फाटकातून येतो त्याला गार्ड चालीवरून ओळखतो. ज्याला कुणी ओळखत नाही त्यालाच ओळखपत्राची गरज सगळ्यात जास्त. ही नवी मागणीही नाही. कंत्राटी कामगार कायदा १९७० चा, त्याखालचे केंद्रीय नियम १९७१ चे. कामाला लावल्यापासून तीन दिवसांत ठेकेदारानं प्रत्येकाला रोजगार कार्ड द्यावं, असं त्यांतच लिहिलेलं होतं. आता नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत आणि प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देण्याचं बंधन आलं आहे. मुंबईच्या गिरणीमालकांना तर १९३५ मध्येच बदली कामगारांना कार्डं देऊन त्यांची यादी ठेवावी लागली, कारण दारावर रोज कोण घ्यायचा हे जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, मर्जीवर सोडल्यानं गिरणीचंच नुकसान होत होतं. आज तोच जॉबर ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणून कागदी पासांचा गठ्ठा खिशात घेऊन फिरतो आणि सकाळी वाटतो. ज्याच्या हाती पास, त्याच्या हाती माणूस.

भिलाईच्या पोलाद कारखान्यात १२ जून २०१४ ला कार्बन मोनॉक्साइडची गळती होऊन सहा जण गेले, त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. वायूनं हुद्दा पाहिला नाही. ९ ऑक्टोबर २०१८ ला तिथेच कोक ओव्हनच्या वायुवाहिनीत स्फोट झाला. असं काही घडलं की कुठल्याही कारखान्यात पहिला प्रश्न असतो, आत कोण कोण आहे? त्याचं उत्तर एका मिनिटात कागदावर यायला हवं, तर प्रत्येक माणसाचं कार्ड आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा वाजलं पाहिजे, आणि ते त्याचं स्वतःचं असलं पाहिजे. भावाच्या पासवर आत गेलेल्या माणसाला शोधायला कुणी जात नाही, कारण भाऊ गावी सुखरूप असतो.

म्हणून ठेका मजुराचं कार्ड त्याच प्रतीचं, त्याच आकाराचं, तेवढ्याच मोठ्या फोटोचं असावं, फक्त मुदत कामापुरती. ते फाटकावरच छापून पाच मिनिटांत हाती पडावं आणि मजुराच्याच ताब्यात राहावं. आणि एक कळकळीची गोष्ट. आमच्याकडे ठेक्याच्या माणसाची फीत पिवळी, कायम माणसाची निळी, साहेबाची काळी. उपाहारगृहातल्या रांगेत पिवळी फीत दिसली की वाढणाऱ्याचा हात आखडतो, हे मी रोज पाहिलं. कार्डाचा रंग माणसाची पायरी दाखवायला वापरू नये. त्याला कुठे जायची परवानगी आहे, तेवढंच रंगानं सांगावं. भट्टीजवळ जाणाऱ्या साहेबाचा आणि मजुराचा पट्टा एकाच रंगाचा असावा.

त्या फितीबद्दल आणखी एक. १९४८ च्या कारखाना कायद्यात चालत्या यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करणाऱ्यानं अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत, असं कलम २२ मध्ये होतं. आणि आपणच त्याच्या गळ्यात लोंबती, न तुटणारी नायलॉनची दोरी घालतो. कन्व्हेअरजवळ दंडावरचं पाकीट द्यावं, किंवा झटका बसताच सुटणारी फीत.

माणूस सोडून गेल्यावर कार्डाचं काय होतं, हे कुठल्याच नमुन्यात दिसत नाही. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या एका फोरमनचं कार्ड आमचं फाटक अजून उघडत होतं; नातवाला कारखाना दाखवायला आलेल्या त्या भल्या गृहस्थांनीच ते हसत लावून दाखवलं. राजीनामा, निवृत्ती, ठेका संपणं, कार्ड हरवणं, यांतलं काहीही झालं की त्याच दिवशी वहीतली ती ओळ बंद झाली पाहिजे. हिशेब चुकता होण्याच्या कागदावर टाइम ऑफिसची सही त्यासाठीच असावी, आणि कार्ड हरवल्याचं लगेच सांगणाऱ्याकडून दंड घेऊ नये, नाही तर माणसं आठ-आठ दिवस लपवतात.

रायपूर असो, नागपूरजवळचं बुटीबोरी असो की चाकण, ओळखपत्रांची निविदा ज्यांच्या सहीनं निघते त्यांना माझी विनंती आहे. नमुना कार्ड मंजूर करण्याआधी एक रात्र दहा ते सकाळी सहा फाटकावर गार्डाच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. पाळी बदलताना तो काय पाहतो ते पाहा, कुठली माणसं त्याला न विचारता आत जातात ते मोजा, आणि उजाडल्यावर त्याच्या हाती नमुना देऊन विचारा, "दादा, यातलं तुमच्या कामाचं काय आहे?" तो ज्याच्यावर बोट ठेवील तेवढंच छापा.